पहिल्या बक्षिसाचं बाळ

चैत्र आला की लोकांना पालवी दिसते. मला राग येतो. घाटकोपरच्या टेकडीवर पत्रे तापायला लागतात, रस्त्याचं डांबर चप्पल धरून ठेवतं, आणि खाणीकडून खडीची पांढरी धूळ उतरते ती दातांत कचकचते. धाकटी बहीण म्हणते, "तुला ऊन बाधतं गं, पन्हं पीत जा." मला ऊन बाधत नाही. मला त्र्याहत्तर सालचा उन्हाळा बाधतो, आणि त्यावर पन्हं चालत नाही.

या वर्षी राग जरा लवकर आला, कारण नाडकर्णी लवकर आले. नाडकर्णी आमच्या भागातल्या एका मंडळाचे चिटणीस. परीटघडीचा सदरा, खिशाला पेन, आणि दोन्ही हात सतत नमस्कारासाठी तयार. दरवर्षी रामनवमीच्या सुमारास ते माझा जिना चढतात, धापा टाकत खुर्चीत बसतात आणि तेच विचारतात. "बाई, आपली गुटगुटीत बालक स्पर्धा. परीक्षक म्हणून तुम्हीच हव्यात." मी दरवर्षी नाही म्हणते. या माणसाच्या कानात 'नाही' शिरतच नाही. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतात. नाडकर्णींना मी नुसतं पाणी देते.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. मराठवाड्यातून, नगरकडून माणसं घरं सोडून निघाली आणि हाताला काम मिळेल तिथे पसरली. त्यातली काही आमच्या टेकडीवर आली, कारण इथे दगडाच्या खाणी होत्या आणि खडी फोडायला हात हवे होते. पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या कडेने तरटाची आणि पोत्यांची पालं उभी राहिली. पाइपातून अख्ख्या शहराचं पाणी घोंघावत जायचं. त्याच पाइपाला पाठ टेकून झोपणाऱ्या बायका हंडाभर पाण्यासाठी पहाटे टेकडी उतरायच्या आणि खालच्या चाळींतल्या बायका त्यांना नळावरून हाकलून लावायच्या.

मी तेव्हा पोषणशास्त्राची पदवी घेऊन नुकती सरकारी नोकरीला लागले होते. दुष्काळातून आलेल्या मुलांसाठी टेकडीच्या पायथ्याशी आहार केंद्र उघडलं होतं, तिथे मला नेमलं. शाळेला सुट्टी लागली म्हणून एक पत्र्याची शेड मिळाली होती. भांडी आणि जळण नाडकर्णींच्या मंडळाचं, दुधाची पावडर परदेशची, मिलो म्हणजे परदेशची तांबडी ज्वारी रेशनवरची, आणि शिव्या खायला मी. मी डॉक्टर नव्हते, पण सगळ्यांनी मला डॉक्टरीणबाई करून टाकलं होतं.

त्या शेडचा वास अजून नाकात आहे. तापलेल्या ॲल्युमिनियमवर उतू गेलेलं पावडरचं दूध. गुळाच्या पाकात परतलेल्या पिठाची वडी, म्हणजे सुकडी. तांबडी मिलो शिजताना येणारा कोंदट वास, आणि त्यावर आमच्या स्वयंपाकीण सावंतबाईंचा शेरा. सावंतबाई मालवणकडच्या, नवरा गिरणीत. चुलीशी उभ्या राहून त्या मिलोला रोज नव्याने नावं ठेवायच्या. "ह्येका अन्न म्हणतत? आमच्याकडे गुरांकय घालूचे नाय!" पण पोरांचे हाल त्यांना बघवत नसत. एकदा त्यांनी घरून भाजलेल्या जवळ्याची पूड आणली आणि पेजेत टाकली. पोरांनी वाट्या चाटून लख्ख केल्या. मला तर हवंच होतं, एवढुशा वाळक्या कोळंबीत जे आहे ते त्या पाणचट पेजेत कुठून येणार? संध्याकाळी नाडकर्णी नाकाला रुमाल लावून आले. "बाई, मंडळाच्या भांड्यांत मासळी? देणगीदार काय म्हणतील?" मी तोंड उघडायच्या आत सावंतबाई डाव आपटून म्हणाल्या, "भांडी घासूक मीच आसंय. देणगीदार येतत काय घासूक?" दुसऱ्या दिवसापासून जवळा चालूच राहिला, रुमालही चालूच राहिला.

उपासमारीची पोरं दोन तऱ्हेची असतात. आमच्या पुस्तकात त्यांना सुकटी आणि सुजवटी म्हणायचे. सुकटीचं पोर कुणालाही ओळखता येतं. हाडं, मोठे डोळे, म्हाताऱ्याचा चेहरा, आणि सारखी किरकिर. त्याला बघून अनोळखी माणूसही खिशात हात घालतो. सुजवटीचं पोर मात्र दगा देतं. त्याला पोटाला नुसता चहापाव मिळालेला असतो, अंगाला लागेल असं काहीच नाही, आणि अंगात पाणी साचत जातं. गाल फुगतात, मनगटांवर वळ्या पडतात, पाय गुबगुबीत दिसतात. आणि ते रडत नाही. जिथे ठेवाल तिथे बसून राहतं. आता मला सांगा, अशा पोराला कोण आजारी म्हणेल? आपल्या लोकांना बाळ हवं तरी कसं असतं? गोबरं आणि गप्प.

तुळशीराम असाच होता. वय दीडेक वर्षाचं. त्याची आई कलाबाई खाणीवर खडी फोडायची. अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. पाव चहात बुडवून पोराला भरवायची, कारण तिच्या अंगावरचं दूध कधीच आटलं होतं आणि चहा प्याला की पोर निजून राहायचं. केंद्रात आली की त्याला पोत्यावर बसवायची, त्याच्या हातात सुकडीचा तुकडा द्यायची, आणि तो तुकडा त्याच्या हातात तसाच राहायचा. केस विरळ, तांबूस. घोट्याजवळची कातडी पापुद्रे सुटल्यासारखी. मी पहिल्याच दिवशी त्याच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"कलाबाई, हे बाळसं नाही. ही सूज आहे. याला इथे दिवसभर थोडंथोडं खायला घालायला हवं."

ती हसली. "सूज? अवो, गावाकडं माजं लेकरू निस्ता खराटा व्हतं. मुंबईचं पाणी मानवलं त्याला. तुमास्नी व्हतील तवा कळंल."

सावंतबाईंचंही तेच. येता-जाता त्याचे गाल ओढायच्या. "कसो गुटगुटीत आसा! रडणा म्हणान नाय." आणि काटा तर सर्वांत मोठा खोटारडा. भंगारवाल्याकडून आणलेल्या आकड्याच्या काट्याला झोळी बांधून आम्ही पोरं तोलायचो. बाकीची पोरं तोळा-मासा वाढायची, तुळशीरामचं वजन मात्र आठवड्याला झपाझप चढायचं. नाडकर्णी त्या काट्यासमोर देवासमोर उभं राहावं तसे उभे राहायचे. मी सांगितलं, हे पाणी वाढतंय, मांस नाही. त्यांनी प्रेमाने मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांच्या डोक्यातून ती स्पर्धा निघाली. देणगीदारांना केंद्राचं यश दिसलं पाहिजे, एक मोठे पाहुणे सपत्नीक येणार आहेत, फोटोग्राफर ठरला आहे. दुष्काळातून आलेल्या पोरांची गुटगुटीत बालक स्पर्धा! मी म्हटलं, "नाडकर्णी, हे म्हणजे आग लागलेल्या घरात रांगोळीची स्पर्धा." ते म्हणाले, "बाई, तुमची जीभ फार कडू." जिभेवर साखर ठेवून यांच्याशी बोलायला मी काय नवरीची आई होते?

तो दिवस मला आजही चटके देतो. शेडीबाहेर मांडव, पताका, कर्ण्यावर गाणी. पालांतल्या बायकांनी पोरांना खसाखसा घासून, तेल थापून, उसन्या झबल्यांत कोंबून आणलं होतं. पाहुण्यांच्या पत्नी रांगेतून चालल्या. त्यांनी हात लावला की पोरं भोकाड पसरत होती, फोटोग्राफरचा दिवा चमकला की सगळा मांडव रडत होता. एकटा तुळशीराम तेवढा गप्प. त्याला या हातातून त्या हातात दिलं, हार घातला, गाल ओढले. तो कुठे बघत होता देव जाणे. "किती शहाणं बाळ!" पाहुणीबाई म्हणाल्या. पहिलं बक्षीस. चांदीचा मुलामा दिलेली वाटी आणि चमचा. टाळ्या.

मी स्टेजवर चढले. रागात माणूस कुठे चढतो ते त्याचं त्याला कळत नाही. "हे मूल आजारी आहे," मी म्हटलं. त्याचा पाय धरला, अंगठा दाबला आणि सगळ्यांसमोर तो खळगा दाखवला. "बघा. हे पाणी आहे. याला बक्षीस नको, उपचार हवेत. असंच राहिलं तर हे मूल जाईल."

गाणं थांबलं. पाहुण्यांच्या पत्नीने हात पदराला पुसले. नाडकर्णी हसत हसत माझं कोपर धरून मला खाली ओढू लागले. आणि कलाबाई आली. तिने पोर माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि त्या मांडवात, तेवढ्या माणसांत, माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या डोळ्यात खुपलं माजं लेकरू! पयल्या दिसापासनं टोकतीया. सोताची कूस रिकामी, लोकाच्या लेकराला जाईल म्हणती!"

बायका माझ्यापासून दूर सरकल्या. मी स्टेजवरून उतरले तेव्हा एकेकीने आपापलं पोर पदराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तुळशीराम केंद्रात दिसेना. मी पाइपाच्या कडेने तिच्या पालापर्यंत गेले. तिने मला दारातच थोपवलं आणि माझ्या देखत चुलीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या टाकल्या. "काल बी टाकल्या. ठसका बी न्हाई आला. येवढी नजर हाय तुजी!" मी पालाबाहेर उन्हात उभी राहून पोषणशास्त्र सांगत होते, ती आत शिव्या मोजत होती. मी पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. एकदा तिच्या शेजारणीने पायाशी दगड टाकला. लागला नाही, पण नेम धरूनच टाकला होता.

मला त्या बायकांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठा राग यायचा तो उलट्या जगाचा. ज्याने वाटी-चमचा देऊन पोराला मरणाकडे ढकललं तो सज्जन, आणि जिला खळगा दिसला ती चेटकीण. तो राग घेऊन मी रात्रीची भाकरी गिळायचे.

मग एका सकाळी कलाबाईच आली. शेडीत पेजेची रांग लागली होती. तिच्या खांद्यावर तुळशीराम. त्याच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडत नव्हते. तिने ती बक्षिसाची वाटी माझ्या टेबलावर आपटली.

"लावलीस न्हवं? आता तूच उतरव. ज्याची नजर लागती त्याच्याच हातचा घास लागतो उतरायला. आमच्यात असंच असतंय."

मी पदवीधर. अंधश्रद्धेवर कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली. माझ्या जिभेवर प्रथिनं आली होती, सूज आली होती, 'मी नजर लावलेली नाही' हे वाक्य तर अगदी दातांपर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. "मीच लावली. मीच उतरवीन. पण माझ्या पद्धतीने उतरेल. तुळशीराम सकाळपासून दिवस मावळेपर्यंत इथे राहील. थोडंथोडं, घटकेघटकेला, माझ्याच हातचं खाईल. चहाचा थेंब नाही. नाहीतर नजर परत चढेल."

"दिसभर? आन् खाण?"

"नजर दिवसभराची आहे, कलाबाई."

सावंतबाईंनी चुलीपासून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खरोखरच चेटकीण असावी. "बाय गो, तुझ्या पोटी पोर येवचा हा अजून. असा बोला नये." पण बोलून झालं होतं. आणि खरं सांगते, अंगावर घेतलेल्या त्या आळाची मला लाज वाटली नाही. औषध कडू असलं तर गुळात घालून देतात. इथे गूळ नव्हता, नजर होती.

त्याच वाटीतून, त्याच चमच्याने मी त्याला भरवू लागले. पावडरचं दूध, साखर, थोडं तेल. कुस्करलेलं केळं. मग जवळ्याची पूड घातलेली पेज. त्याचं तोंड उघडायला गाल दाबावा लागे, आणि गालावरही माझ्या बोटाचा ठसा राही. कलाबाई समोर भिंतीला टेकून बसायची आणि माझ्या हाताकडे बघत राहायची. विश्वासाने नाही, पहारा देत. खाणीची मजुरी बुडत होती त्याचाही हिशेब तिच्या नजरेत असायचा. आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर, आणि बोलणं म्हणून नाही. एकदाच तिने विचारलं, "कामून लावली?" मी म्हटलं, "तुझं पोर सुंदर होतं." हे तिला पटलं.

मग सूज उतरायला लागली. आणि सूज उतरली की काय दिसतं? आत असतं तेच. गाल बसले, मांड्यांवर कातडी लोंबली, मनगटं काड्यांची झाली. काटा घसरत गेला. मला ठाऊक होतं की हेच व्हायला हवं, आधी पाणी जाणार आणि मग मांस धरणार. पण ते ठाऊक असलेली त्या टेकडीवर मी एकटी.

नाडकर्णी काट्यासमोर आले आणि त्यांचा रुमाल नाकावरून कपाळावर गेला. "बाई! पहिलं बक्षीस हाडांवर आलं! रविवारी देणगीदार फोटोवालं बाळ बघायला येतायत. मी त्यांना काय दाखवू?" मी म्हटलं, "काटा दाखवा. तुमचा लाडका आहे." त्यावर या गृहस्थाने काय करावं? सरळ कलाबाईकडे वळून सांगितलं, "बाई, तुझं पोर चांगलं होतं गं. यांनी वाळवलं."

संध्याकाळी खाण सुटली तशा बायका शेडीवर आल्या. अंगावर खडीची धूळ, त्यामुळे सगळ्या पांढऱ्याफटक. पुढे कलाबाई, कडेवर तुळशीराम. तिचा आवाज फाटला होता.

"उतरवती म्हणालीस आन् खाल्लंस माज्या लेकराला! माप काड त्याचं! व्हतं तेवढं परत दे!"

कुणी माझा पदर ओढला, कुणी टेबल उलथलं. दुधाची पावडर सगळीकडे उडाली. सावंतबाई हातात डाव घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि मालवणीत सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. नाडकर्णी शेडीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटले होते. मला सांगायचं होतं की अजून थोडे दिवस द्या, एवढेच थोडे दिवस, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तिने त्याला तसंच उचलून नेलं असतं तर रात्री पुन्हा चहापाव, आणि पुन्हा सूज, आणि या वेळी ती उतरवायला कुणी उरलं नसतं.

त्या गोंधळात एक पोरगी खाली बसून सांडलेली सुकडी वेचून खात होती. तुळशीरामने ते पाहिलं. मी बघत होते म्हणून सांगते, आधी त्याची मान वळली. मग हात पुढे गेला. काडीचा हात, पाची बोटं ताणलेली. सुकडी लांब होती, आई भांडण्यात गुंतली होती, हात पोचेना. आणि तुळशीराम रडला.

म्हणजे कसा, तर शेड दणाणली. तोंड फाडून, लाल होऊन, पाय झाडत, आईच्या बरगडीत लाथा घालत. त्या रडण्यात दुःख नव्हतं, निव्वळ संताप होता. मी सुकडीचा तुकडा घेऊन पुढे झाले तर त्याने तुकडा हिसकावला, आणि माझं बोट तोंडात आलं तेही कडकडून चावलं. रक्त आलं.

माझा पदर धरलेला हात सुटला. कलाबाईने त्याच्याकडे बघितलं. त्या पोराचं रडणं बहुतेक ती विसरूनच गेली होती. तिने त्याच्या तोंडावरचा चिकट गूळ अंगठ्याने पुसला, त्याने तिच्याही हातावर फटका मारला.

"उतरली," ती म्हणाली. बस, एवढंच. माझ्याकडे वळून नाही, पोराकडे बघूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगेत होती.

नाडकर्णी जाता जाता म्हणाले, "पण फारच रडकं झालं हो पोर." मी बोटाला चिंधी गुंडाळत होते, म्हणून ते वाचले.

तेव्हापासून शहाणी बाळं मला सोसत नाहीत. बारशाला गेले आणि कुणी कौतुकाने म्हणालं की आमचा बाळ मुळीच रडत नाही, की माझा अंगठा आपोआप त्याच्या पावलाकडे जातो. लोक हसतात. हसू देत. राग ही भरल्या पोटाची चैन आहे असं म्हणतात, ते खोटं आहे. पोट भरण्याची आशा जिथे संपते तिथे आधी राग संपतो. तुळशीरामला राग आला तेव्हा मला कळलं की तो आता जगणार.

म्हणून या वर्षी मी नाडकर्णींना हो म्हटलं. त्यांचा विश्वासच बसेना. "एक अट," मी म्हटलं. "सगळ्यांचे बूट-मोजे काढायचे. आणि पहिलं बक्षीस सगळ्यांत मोठ्याने रडेल त्याला." ते म्हणाले, "फोटोत वाईट दिसेल हो." मी म्हटलं, "दिसू दे." विचार करतो म्हणाले आणि जिना उतरले. गूळ त्यांना याही वर्षी मिळाला नाही.

त्या साली पालं जूनमध्ये उठली. गावाकडे पाऊस झाल्याची बातमी कुणीतरी आणली आणि एका सकाळी पाइपाच्या कडेला नुसते चुलीचे दगड उरले. माणसं बोचकी घेऊन शेडीवरून खाली चालली होती. मी दारात उभी होते. कुणी थांबलं नाही, आणि थांबावं असं मी काही त्यांच्यासाठी केलं असेल असं त्यांना वाटतही नव्हतं. कलाबाई सर्वांत मागे. डोक्यावर बोचकं, कडेवर तुळशीराम. आता मांडीला मांस होतं, पायाला जोर होता. मी दिसताच तिने पदर ओढून त्याचं तोंड झाकलं. पुन्हा माझी नजर लागायला नको.

त्याला ते पसंत नव्हतं. पदराआडून त्याने जो गळा काढला! पदर आतून मुठींनी ताणला जात होता, एक उघडा पाय हवेत लाथा मारत होता.

मी तोंड भिंतीकडे केलं, म्हणजे ती निश्चिंत जाईल. भिंतीकडे बघतच मी ते ऐकत राहिले. रस्त्याचं वळण गेलं, तरी ऐकू येत होतं.